आतली धग आणि कोकणचे ताट

‘दाह कमी करणारा आहार’ हा सध्या परवलीचा शब्द झाला आहे. मोबाइल उघडला की कोणी हळदीच्या कॅप्सूल विकत असतो, कोणी माशाच्या तेलाच्या गोळ्या, तर कोणी परदेशी बेरींची पूड. ही यादी वाचून रत्नागिरीकराला हसूच यायला हवे. बांगडा आणि तारली मिरकरवाड्याच्या बंदरात उतरते, हळद परसात उगवते, आमसुले बरणीत असतात आणि कुळीथ डब्यात. जे विकत घ्यायला जग हजारो रुपये मोजते ते आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या आहे, असे म्हणून निश्चिंत व्हावेसे वाटते. पण तसे होण्याआधी शेजारच्या गोव्याकडे एकदा पाहायला हवे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. या पाहणीत १ लाख १३ हजार प्रौढांची तपासणी झाली होती. देशात ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह असल्याचे त्यात आढळले. राज्यवार यादीत सर्वांत वर होता गोवा, २६.४ टक्क्यांसह. म्हणजे दर चार प्रौढांमागे एकाहून थोडे जास्त. त्याच्या पाठोपाठ पुदुच्चेरी आणि केरळ. तिन्ही प्रदेश किनाऱ्यावरचे, तिन्ही ठिकाणी मासे, भात आणि नारळ हे रोजचे जेवण. गोव्याचे ताट आणि आपले ताट यांत उन्नीस-बीसचाच फरक आहे.

मासे, हळद, कोकम हे सगळे खरोखरच दाहशामक असेल, तर ते रोज खाणाऱ्या किनाऱ्यावर मधुमेह एवढा का? या प्रश्नाचे उत्तर शोधताना दाह म्हणजे नेमके काय, अन्नाचा त्याच्याशी संबंध कुठे येतो आणि आपल्या ताटात काय बदलले, या तिन्ही गोष्टी तपासाव्या लागतात.

काट्याचा दाह आणि चिवट दाह

करवंदे काढताना बोटात काटा मोडला की थोड्या वेळात बोट लाल होते, सुजते, गरम लागते, ठणकते. दाहाची ही चार लक्षणे रोमन लेखक सेल्ससने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नोंदवून ठेवली आहेत. काट्याबरोबर आत गेलेल्या जंतूंवर शरीराने केलेला हा हल्ला असतो. रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात, रसायने सोडतात, जंतू मारतात आणि काम झाले की परततात. चार-सहा दिवसांत बोट पूर्ववत होते. हा दाह आपला मित्र आहे. तो नसता तर प्रत्येक ओरखडा जिवावर बेतला असता.

दुसऱ्या प्रकारचा दाह मात्र वेगळा असतो. त्यात सूज दिसत नाही, ताप येत नाही, दुखतही नाही. राखेखाली निखारा धुमसत राहावा तसा तो वर्षानुवर्षे मंद जळत असतो. त्याला इंधन पुरवणाऱ्या गोष्टींत पोटाच्या आतली चरबी ही प्रमुख आहे. चरबी म्हणजे नुसता साठा, असे पूर्वी समजले जाई. १९९३ मध्ये हार्वर्डमधील गोखन होतामिस्लिगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लठ्ठ उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले की चरबीच्या पेशीसमूहातूनच दाह वाढवणारे एक रसायन बाहेर पडते आणि ते इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. मधुमेह आणि दाह यांचा धागा तिथे जुळला. याच धगीमुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तरात कोलेस्टेरॉल रुतते, थर ठिसूळ होतो, एखाद्या दिवशी तो फुटतो आणि त्यावर गुठळी धरली की हृदयविकाराचा झटका येतो.

या धगीचा अंदाज देणारी एक रक्तचाचणी आहे, सीआरपी. संसर्ग किंवा दाह असला की यकृत हे प्रथिन तयार करते. १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात त्याचा शोध लागला. तिच्या अतिसंवेदनशील प्रकारात एका लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी आकडा हा हृदयविकाराच्या दृष्टीने कमी जोखमीचा, तर ३ च्या वरचा जास्त जोखमीचा मानतात. साध्या सर्दी-तापातही हा आकडा उसळी घेतो, त्यामुळे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ही चाचणी करून घाबरून जाण्यात अर्थ नाही.

दाह हा रोगाचे कारण आहे की नुसता सोबती, यावर बरीच वर्षे वाद होता. २०१७ मध्ये एका मोठ्या चाचणीने त्यावर प्रकाश टाकला. आधी झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी वाढलेल्या १०,०६१ रुग्णांना दाहाची एक विशिष्ट साखळी तोडणारे इंजेक्शन किंवा औषधाविना खोटे इंजेक्शन देण्यात आले. औषधाने कोलेस्टेरॉल बदलले नाही. तरीही मधल्या मात्रेच्या गटात झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी घटले. म्हणजे दाह शमवल्याने फरक पडतो. पण त्याच चाचणीत औषध घेणाऱ्यांमध्ये जीवघेण्या संसर्गाचे प्रमाणही थोडे वाढलेले दिसले. दाह सरसकट दाबून टाकणे धोक्याचे आहे, ही त्यातली दुसरी शिकवण. आपल्याला विस्तव विझवायचा नाही, राखेखालचे इंधन कमी करायचे आहे. तिथे आहाराचा भाग येतो.

बारीक अंगाचा घोटाळा

‘आमच्याकडे कुठे कोणी लठ्ठ आहे?’ असे कोकणात सहज ऐकू येते. शेलाटी अंगकाठी हे इथले नेहमीचेच चित्र. पण काटा दाखवतो ते वजन, चरबी किती आणि कुठे साठली आहे हे तो सांगत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ही गोष्ट २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एका छायाचित्राने समजावली. छायाचित्रात ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वरून बारीक, आतून मेदयुक्त अशी ही भारतीय ठेवण. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांचे सरासरी वजन साधारण २.७ किलो, तर इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो. पण आपल्या बाळांत स्नायू आणि अवयव लहान असूनही चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली दिसली. आईच्या पोटात झालेल्या कुपोषणाची ही खूण आयुष्यभर सोबत येते. पुढे पोटभर भात-पोळी मिळू लागली, हालचाल घटली, की ती चरबी पोटाभोवती जमू लागते.

म्हणून रत्नागिरी जिल्ह्यातच चाललेले एक काम महत्त्वाचे आहे. चिपळूण तालुक्यातल्या डेरवण येथील वालावलकर रुग्णालयाने १६ ते १८ वर्षे वयाच्या सुमारे दीड हजार मुलींचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला आहे. उद्याच्या मधुमेहाची आणि रक्तदाबाची बीजे आजच्या मुलीच्या ताटात आणि शरीरात कशी दिसतात, आई होण्याआधीच ती ओळखता येतील का, हा त्यामागचा विचार. दाहशामक आहार ही पन्नाशीतल्या माणसाने भीतीपोटी सुरू करायची गोष्ट नसून घरातल्या मुलीच्या ताटापासून सुरू होणारी आहे, हे यातून लक्षात यावे.

घरच्या घरी करण्यासारखी तपासणी म्हणजे शिंप्याची टेप. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. वजन ठीक असूनही हा आकडा ओलांडला असेल, तर आत इंधन साठते आहे असे समजावे.

ताटातले एकेक

आता आपल्या ताटाकडे वळू. कौतुकाच्या भरात न जाता, ज्याला जितका पुरावा आहे तितकेच श्रेय देऊ.

*बांगडा, तारली, पेडवे :* हे तेलकट मासे. त्यांच्या मेदात ओमेगा-३ प्रकारची मेदाम्ले असतात. शरीर त्यांच्यापासून अशी रसायने बनवते, जी दाहाचे काम झाल्यावर त्याला ‘आता आवरा’ असा निरोप देतात. आठवड्यातून दोनदा मासे, त्यातही तेलकट मासे खावेत, अशी शिफारस जगभरच्या हृदयरोग संस्था करतात. पापलेट-सुरमईला मान जास्त असला, तरी या बाबतीत स्वस्त बांगडा आणि तारली तसूभरही कमी नाहीत. उलट लहान मासे अल्पायुषी असल्याने त्यांच्यात पाऱ्यासारखे घातक धातूही कमी साठतात.

पण गोळीचे काय? अमेरिकेत २५,८७१ निरोगी प्रौढांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. रोज माशाच्या तेलाची एक ग्रॅमची गोळी घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात आणि त्यांमुळे होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण लक्षणीय घटले नाही. बांगडा खाणारा माणूस त्या जेवणात दुसरे काहीतरी खात नाही, हा फायदा गोळीत नसतो. आणि बांगडा रव्यात घोळवून, कालच्या उरलेल्या तेलात कडक तळला तर त्याचाही बराचसा गुण वाया जातो. तिरफळ घातलेले तिखले, केळीच्या पानात भाजलेले पेडवे, हे आपले जुने प्रकारच इथे सरस ठरतात.

शाकाहारी घरांत जवस आणि अक्रोड यांतून ओमेगा-३ चा वनस्पतीज प्रकार मिळतो. शरीर त्यातला थोडाच भाग माशातल्या प्रकारात बदलू शकते, तरीही रोज चमचाभर भाजलेल्या जवसाची चटणी ही चांगली सवय आहे.

*कुळीथ, वाल, मूग :* शंभर ग्रॅम कुळथात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने आणि भरपूर तंतू असतात. हे तंतू आपल्याला पचत नाहीत, पण मोठ्या आतड्यातल्या उपकारक जिवाणूंचे ते अन्न आहे. जिवाणू त्यांच्यापासून छोटी मेदाम्ले तयार करतात. ती आतड्याचे अस्तर धडधाकट ठेवतात आणि दाह आटोक्यात ठेवायला मदत करतात. आहार आणि दाह यांच्यातला सर्वांत भक्कम दुवा कुठला, असे विचारले तर तंतूंकडे बोट दाखवावे लागेल. कुळथाची पिठी, मोड आलेल्या कुळथाची उसळ आणि कळण, डाळिंब्यांची उसळ यांना पर्याय म्हणून कुठलीही परदेशी पूड आणायची गरज नाही.

*नाचणी आणि वरी :* कोकणच्या डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत भात होत नाही, तिथे नाचणी, वरी, हरीक पिकत. कष्टकरी घरात रोज नाचणीची भाकरी आणि सणावाराला भात, अशी रीत होती. नाचणीत तंतू आहेत, शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे आणि तिच्या लालसर सालीत दाहरोधक रंगद्रव्ये आहेत. मात्र बारीक चाळलेल्या पिठाची साखर घातलेली खीर किंवा नाचणीची बिस्किटे म्हणजे नाचणी नव्हे. भाकरी किंवा ताकातली आंबील हीच तिची खरी रूपे.

*पावसाळी रानभाज्या :* १ जूनपासून समुद्र बंद होतो आणि मासळीची जागा टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, अळू घेतात. हिरव्या पालेभाज्यांतील तंतू, मॅग्नेशियम, फोलेट आणि रंगद्रव्ये दाहाच्या विरुद्ध बाजूला उभी असतात. शेवग्याचा पाला तर बारा महिने दारात असतो आणि बहुतेक वेळा तो झाडावरच पिवळा पडून गळतो. रानभाजी ओळखणाऱ्या जाणत्या माणसाकडूनच घ्यावी. अळूला चिंच किंवा आमसूल लावून नीट शिजवावे. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी अळू, पालक बेताने खावे.

*हळद :* हळदीची कथा आपल्याला अभिमानाची आहे. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत एका विद्यापीठाला मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ पुरावा म्हणून मांडले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. पण अभिमान वेगळा आणि मात्रा वेगळी. हळदीतले कर्क्युमिन हे द्रव्य तिच्या वजनाच्या साधारण तीन टक्केच असते. म्हणजे चमचाभर, तीन ग्रॅम हळदीत ते शंभर मिलिग्रॅमही भरत नाही, आणि त्यातलेही फार थोडे रक्तात पोहोचते. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात १९९८ मध्ये झालेल्या अभ्यासात दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिरीतले पायपरीन दिल्यावर रक्तातले प्रमाण वीस पटींनी वाढले. हाच आकडा छापून आज कॅप्सूल खपतात. प्रयोगशाळेतील पेशींवर कर्क्युमिन प्रभावी दिसते. माणसांमध्ये मात्र एखादा रोग त्याने बरा होतो किंवा टळतो, हे पक्के सिद्ध झालेले नाही. उलट अशा तीव्र कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटली आणि अमेरिकेत झाल्या आहेत. स्वयंपाकातली चिमूट-दोन चिमूट हळद निर्धास्त खावी. तिच्यावर मधुमेह सोपवू नये.

*कोकम :* रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे. ‘कोकण अमृता’, ‘कोकण हातीस’ या जाती दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने दिल्या आहेत. कोकमाच्या सालीत अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य आणि गार्सिनॉल ही दाहरोधक द्रव्ये आहेत, पण त्यांच्यावरचे बहुतेक काम प्रयोगशाळेत किंवा प्राण्यांवर झालेले आहे. कोकमातल्या हायड्रॉक्सीसिट्रिक आम्लाच्या गोळ्या वजन उतरवण्यासाठी विकल्या जातात. अमेरिकेत १३५ जणांवर झालेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशी गोळी आणि खोटी गोळी यांत फरक दिसला नाही. ताटातले कोकम चांगलेच आहे. फक्त त्याच्यासोबत काय येते ते पाहावे. अमृत कोकमात साखरेचा पाक असतो, आगळात मीठ असते. रक्तदाब असलेल्याने आगळाची सोलकढी रोज वाटीवाटीने पिऊ नये. बिनमिठाची वाळवलेली साल भिजवून केलेले सार त्याच्यासाठी बरे.

*नारळ :* ओले खोबरे आणि खोबरेल यांत फरक करावा. खोबऱ्यात तंतू असतात, खोबरेलात फक्त मेद, आणि त्यातला बहुतांश संपृक्त. सोळा चाचण्यांचे निष्कर्ष २०२० मध्ये एकत्र तपासले गेले. शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन यांसारख्या तेलांच्या तुलनेत खोबरेलाने वाईट कोलेस्टेरॉल सुमारे १० मिलिग्रॅमने वाढलेले दिसले. भाजीवर मूठभर खोबरे भुरभुरणे वेगळे, आणि रोज दोन वेळा दाट वाटपाची आमटी वेगळी. ‘जुने लोक खात होते’ हे खरेच आहे. पण ते डोंगर चढून लाकडे आणत होते, चिखलात लावणी करत होते आणि वाटप रोज दोन्ही वेळेला नव्हते.

बदलले ते प्रमाण

आता गोव्याच्या कोड्याकडे परत येऊ. तिथे शहरीकरण जास्त, आयुर्मान जास्त, सुबत्ता जास्त, ही कारणे आहेतच. पण ताटाचे म्हणायचे तर किनाऱ्यावरच्या माणसाने मासे सोडले नाहीत, कोकम सोडले नाही. बदलले ते त्यांच्या भोवतीचे प्रमाण.

पूर्वी नाचणीच्या भाकरीबरोबर जी पिठी खाल्ली जात असे, ती आता पांढऱ्याशुभ्र पॉलिशच्या भाताच्या ढिगावर ओघळासारखी वाहते. मासळीची एक तुकडी आणि तीन वाढप भात, यात ताटाचा धनी भातच. देशपातळीवरचेच चित्र असे आहे. त्याच मधुमेह पाहणीवर आधारित २०२५ च्या विश्लेषणानुसार भारतीयांच्या आहारातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते आणि त्यातली बरीचशी पांढरा तांदूळ, दळलेले गहू आणि साखर यांतून. अशा जेवणानंतर रक्तातली साखर झपाट्याने चढते. हे दिवसातून तीन-चारदा आणि वर्षानुवर्षे होत राहिले की ती ऊर्जा चरबी होऊन पोटात साठते आणि निखाऱ्याला लाकूड मिळत राहते.

शिवाय जेवणांच्या मधली वेळ आहेच. सकाळच्या चहाबरोबर खारी-बटर, अकराच्या चहाबरोबर बिस्किटे, संध्याकाळी वडापाव किंवा फरसाण. चार कप चहात दोन-दोन चमचे साखर धरली तरी आठ चमचे, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम होते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेने दिवसाला २५ ग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. ती आपण चहातच ओलांडतो. पावसाळ्यात सुकट, सुके बोंबील, खारा बांगडा, लोणचे, पापड यांतून मीठ जाते. दिवसाचे पाच ग्रॅम मीठ ही मर्यादा मग कागदावरच राहते.

म्हणजे दुपारच्या जेवणात चमचाभर हळद आणि वाटीभर सोलकढी असूनही उरलेला दिवस दाहाच्याच बाजूने उभा असतो. अमेरिकेतील साउथ कॅरोलायना विद्यापीठाने आहाराचा दाह-निर्देशांक तयार केला आहे. त्यात एकेका पदार्थाला गुण न देता तंतू, मेद, जीवनसत्त्वे, हळद, लसूण, कांदा, चहा असे ४५ घटक एकत्र मोजतात. आहाराकडे पाहण्याची हीच योग्य दृष्टी आहे.

स्पेनमधील एका चाचणीनेही हेच सांगितले. ७,४४७ जणांतील काहींना भाज्या, डाळी, फळे, मासे यांच्या जोडीला ऑलिव्ह तेल किंवा सुकामेवा असा भूमध्य सागरी आहार दिला, तेव्हा हृदयविकार-पक्षाघातासारख्या घटना साधारण ३० टक्क्यांनी कमी दिसल्या. पहिल्या अहवालातील पद्धतीच्या त्रुटींमुळे तो मागे घेऊन २०१८ मध्ये सुधारून पुन्हा प्रसिद्ध करावा लागला. निष्कर्षाची दिशा मात्र तीच राहिली. भूमध्य समुद्रकाठचा हा आहार म्हणजे डाळी, पालेभाज्या, मासे, भरडधान्य, थोडा सुकामेवा. नीट पाहिले तर आपल्या जुन्या कोकणी जेवणाचा तो लांबचा भाऊच. ऑलिव्ह आणायला नको, ओळ तेवढी सांभाळायची.

करायचे काय?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शिकेत दिवसाला दोन हजार कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी कच्च्या वजनात साधारण असे प्रमाण दिले आहे : धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये किंवा मासे-अंडी ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम. आपल्या ताटात धान्य याहून बरेच जास्त आणि भाजी त्याच्या निम्मीही नसते. हे बदलण्यासाठी काही साधे उपाय :

• ताटाच्या अर्ध्या भागात भाजी-कोशिंबीर, पाव भागात उसळ, पिठी किंवा मासा, आणि उरलेल्या पाव भागात भात किंवा भाकरी. भात बंद करायचा नाही, त्याची जागा आखायची.

• निदान एका वेळी नाचणीची भाकरी. दुसऱ्या वेळी भात असेल तर हातसडीचा किंवा कमी पॉलिशचा.

• भाजी आणि उसळ आधी, भात नंतर. या क्रमाने जेवल्यावर साखर कमी चढते, असे छोट्या अभ्यासांत दिसले आहे. यात खर्चही काही नाही.

• आठवड्यातून दोन-तीनदा बांगडा, तारली, पेडवे. तिखले किंवा भाजून. तळणाचे तेल पुन्हा वापरू नये.

• मासेमारी बंद असताना कुळीथ, वाल, अंडी आणि रानभाज्या. सुकी मासळी पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून, कधीमधी.

• चहातली साखर दर पंधरवड्याला पाव चमचा कमी करत न्यावी. बिस्किटांऐवजी भाजलेले शेंगदाणे, चणे किंवा एखादे फळ.

• हापूसच्या मोसमात मधुमेह आटोक्यात असलेल्यांनी आंबा खायचा तर अर्धा-एक फोड, आणि त्या जेवणात भात किंवा पोळी तेवढी कमी. आमरस-पुरी हा बेत मात्र वर्षातून एखाद्या वेळचाच.

अन्नाइतकेच महत्त्वाचे आणखी काही आहे. तंबाखू आणि मशेरी दाहाला थेट खतपाणी घालतात. मशेरीने दात स्वच्छ होतात हा समज चुकीचा आहे. हिरड्यांचा जुना संसर्ग हाही शरीरातील दाहाचा एक झरा आहे. अपुरी झोप आणि दिवसभर बसून राहणे हे त्यात भर घालतात. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे चालणे हा साखर आटोक्यात ठेवण्याचा स्वस्त उपाय आहे.

काही सूचना औषधे घेणाऱ्यांसाठी. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारख्या गोळ्या चालू असतील तर पालेभाज्यांचे प्रमाण एकदम वाढवू किंवा कमी करू नये, आणि हळदीच्या कॅप्सूल घेऊ नयेत. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डाळी, पालेभाज्या, नारळपाणी यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्याने भात एकदम निम्म्यावर आणला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून आधी डॉक्टरांशी बोलावे. आणि आहार सुधारला म्हणून रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.

घरात भाजी आली तरी ती कोणाच्या ताटात किती पडते, हाही प्रश्न आहे. मासळीची मोठी तुकडी कर्त्या पुरुषाला, उरलेला रस्सा आणि भात बाईला, ही वाढण्याची पद्धत अनेक घरांत अजून चालते. डेरवणच्या अभ्यासातल्या मुलींच्या वयाची मुलगी घरात असेल, तर बांगड्याची तुकडी आणि उसळीची वाटी तिच्या ताटात आधी पडायला हवी. तिच्या आणि उद्या तिच्या पोटी येणाऱ्या बाळाच्या शरीरातला निखारा आजच्या त्या वाढपावर बराचसा अवलंबून आहे.